टोपी की टोपलं?

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला एरवी कोरम होत नाही. मग अर्धा तास सभा तहकूब करायची आणि त्याच गच्चीवर, त्याच अकरा डोक्यांत ती पुन्हा भरवायची. परवा मात्र खुर्च्या कमी पडल्या. विषयपत्रिकेवर सहावा विषय होता, 'मालमत्ता करवाढीवर कॅप बसवण्याची महापालिकेकडे मागणी करणे.'

बी-विंगमधले निवृत्त बँकवाले काका पहिले उठले. "वर्षाला पाच टक्के. वर एक पैसा नाही!" टाळ्या. ए-विंगने तीन टक्के पुकारले. तळमजल्यावर दवाखाना थाटलेल्या डॉक्टरांनी थेट शून्यावर झेप घेतली. उलटा लिलाव मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो.

त्यात मी तोंड उघडलं. म्हटलं, अहो, टोपी आहे की. मुंबईत 2010 साली भाड्यावरची आकारणी गेली आणि भांडवली मूल्याची आली, तेव्हाच कायद्याने ती शिवली. पहिल्या दणक्यात राहत्या घराचा कर दुपटीवर जायचा नाही, दुकानाचा-कचेरीचा तिपटीवर नाही. पुढे दर पाच वर्षांनी मूल्य नव्याने ठरलं, तरी वाढ 40 टक्क्यांच्या आत.

"चाळीस?" काका ओरडले. "ही टोपी आहे की टोपलं?"

टाळ्या त्यांनाच. वास्तविक टक्के किती, यापेक्षा ते कशावर, हा प्रश्न मोठा. पण तो टाळ्यांच्या कामाचा नाही. जुनी आकारणी भाड्यावर व्हायची आणि जुन्या इमारतींची भाडी 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठवलेली. त्यामुळे दक्षिण मुंबईत समुद्राकडे तोंड करून बसलेल्या ऐसपैस जुन्या फ्लॅटचा कर दहिसरच्या कोऱ्या वन बीएचकेपेक्षाही कमी भरू शकायचा. ही गंमत मोडायची म्हणून भांडवली मूल्य आणलं, आणि आणता आणताच टोपी चढवली. म्हणजे समुद्रवाल्याचा कर हिशेबाने दहापट निघो, त्या वर्षी भरायचा दुप्पटच.

मी विषयपत्रिकेच्या पाठीवर आकडे मांडून दाखवले. समजा एक जण हजार भरतो, दुसरा वीस हजार. दोघांना 40 टक्क्यांची टोपी. पहिला चौदाशेवर, दुसरा अठ्ठावीस हजारांवर. मधलं अंतर एकोणीस हजार होतं, ते सव्वीस हजार सहाशे झालं. काल ज्याचं फावलं त्याचं उद्याही फावणार, तेही कायद्याने. टोपी तीच, एकाच्या डोक्यावर बसते, दुसऱ्याला घातली जाते.

"पण आपण यातले नक्की कोण?" खजिनदारांनी विचारलं. सभेत विचारलेला हा एकमेव मुद्द्याचा प्रश्न. उत्तर कुणालाच नको होतं, कारण आमची इमारत चाळीस वर्षांची आहे.

मूल्य काढताना रेडीरेकनरचा दर, चटईक्षेत्र, वापर, बांधकामाचा प्रकार, मजला आणि इमारतीचं वय बघतात, एवढं मी सांगितलं. वय म्हणताच सेक्रेटरींनी कान टवकारले. "जुनी इमारत असली की कर कमी?" म्हटलं, वयाची सूट मिळते. "मग बाहेरून रंग काढायची घाई कशाला?" ते म्हणाले आणि रंगकामाचा ठराव तिथेच पुढच्या वर्षावर गेला. या मूल्याच्या नियमांतले काही उच्च न्यायालयाने 2019 मध्ये रद्द केले आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला, हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर चहा आला.

चहाबरोबर पाचशे चौरस फुटांचा विषय निघाला. 2019 मध्ये पाचशेच्या आतल्या घरांना करमाफी मिळाली, पण बिलावरच्या दहा करांपैकी माफ झाला तो फक्त सर्वसाधारण कर. शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर वगैरे मंडळी वऱ्हाडासारखी मुक्कामाला राहिली. सगळा कर माफ करण्याची घोषणा 2022 च्या पहिल्या तारखेला झाली. मीटरच्या भाषेत ही रेघ 46.45 चौरस मीटरवर आहे. आमच्या काकांचं घर 46.60. पंधरा शतांशांनी त्यांचा घात केला. तेव्हापासून ते भिंतीकडे शत्रूसारखे बघतात.

डी-विंगमधली नोकरदार मुलगी आतापर्यंत फोनमध्ये डोकं घालून बसली होती. ती म्हणाली, "जकात 2017 मध्येच गेली. घरपट्टीही वाढवायची नाही, तर गटारं कशातून साफ करायची?"

लग्नात कुणी नवरीचं वय विचारावं, तशी सभा तिच्याकडे बघू लागली. याच सभेने तासाभरापूर्वी तिसऱ्या विषयाखाली वॉर्ड ऑफिसला पत्र मंजूर केलं होतं. पावसाळ्याआधी नाला साफ करावा, फुटपाथ दुरुस्त करावा, कोपऱ्यावर दिवा लावावा, आणि झाडाच्या फांद्या छाटाव्यात, मात्र झाड तोडू नये. पत्रात 'त्वरित' हा शब्द चारदा होता. तीन मी मोजले, चौथा सेक्रेटरींनी हाताने घातला.

शेवटी तीन टक्क्यांची टोपी एकमताने मंजूर झाली. डॉक्टर तटस्थ राहिले. शून्याच्या खाली जायला त्यांची तयारी होती, पण अनुमोदक मिळेना.

सातवा विषय होता मासिक मेंटेनन्समध्ये 35 टक्के वाढ. नेमके त्याच वेळी बटाटेवडे आले. "मंजूर?" सेक्रेटरींनी विचारलं. "मंजूर, मंजूर," तोंडात वडा असलेल्यांनी हात वर केले. वेळ लागला तो चटणी पुढे सरकवायला. वर्षाच्या हिशेबाने ही वाढ मालमत्ता कराच्या वाढीहून कितीतरी मोठी होते, हे मी घरी येऊन काढलं. सभेत काढलं असतं तर वडा मिळाला नसता.

रात्री साडेदहाला बेल वाजली. दारात बँकवाले काका, हातात मेजरिंग टेप.

"प्लास्टर आतून अर्धा इंच जाड केलं, तर चटईक्षेत्र कमी भरतं ना?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. "चला जरा. तुम्ही पलीकडचं टोक धरा."