रेल्वेच्या भिंतीजवळील पाटीबाईंस

पाटीबाई,


बंगळूरच्या यशवंतपुरात रेल्वेच्या भिंतीला टेकून तुम्ही ‘डेड एंड’ असं जाहीर करता. बातमी खरी, पण ती कळते तेव्हा माझा बंपर भिंतीपासून हातभर लांब असतो. पलीकडून तुमकुरूची गाडी धडधडत जात असताना रस्ता संपलाय हे वेगळं वाचायचं कशाला? तुम्ही गल्लीच्या तोंडाशी उभ्या असतात, तर मी आत शिरलोच नसतो. तिथल्या कोपऱ्यावरचे आजोबा बिनपगारी तुमचं काम करतात: हात हलवून ‘मुंदे दारी इल्ला’, म्हणजे पुढे वाट नाही, असं म्हणतात. पण मी काच वर करून नकाशातल्या बाईचं ऐकत असतो.

त्यात मी पडलो पुण्याचा. बोळ कितीही अरुंद असो, तो कुठेतरी निघणारच ही आमची श्रद्धा. शिवाय मेन रोड आणि क्रॉस रोडच्या या शहरात कुठूनही वळावं आणि वाट सापडावी, असं मला सांगण्यात आलं होतं. सांगणाऱ्याने रूळ मोजले नव्हते.

तुमचं गणगोत मात्र तालेवार आहे हं. फ्रेंच ‘कल-द-सॅक’, म्हणजे पिशवीचा तळ. त्यातल्या पहिल्या शब्दाचा दुसरा अर्थ चारचौघांत सांगण्याजोगा नाही, म्हणून व्होल्तेर वैतागला आणि ‘अँपास’ म्हणा, असा आग्रह धरू लागला. लंडनच्या हॅम्पस्टेड गार्डन सबर्बमध्ये असे रस्ते आखता यावेत म्हणून 1906 साली पार्लमेंटला कायदा करावा लागला. अमेरिकेत रॅडबर्नला 1929 मध्ये अख्खी वसाहतच तशी वसवली, मोटारींपासून पोरं सांभाळायला. इथे कायदा नको, नकाशा नको. भिंत घातली की झालं.

दलाल तुमच्याच जिवावर ‘शांत एरिया, थ्रू ट्रॅफिक नाही’ म्हणत भाडं चढवतो. शेजारच्या गल्लीत रस्ता थेट एका फाटकावर येऊन थडकतो, तिथे तोच गृहस्थ ‘वीथीशूल’ हा वास्तुदोष म्हणून भाव पाडतो. त्यावर उपाय म्हणून त्या घराच्या मालकाने कंपाउंडात गणपती बसवलाय. आणि तुमच्या भिंतीला पडलेल्या भगदाडातून भाजीच्या पिशव्या घेऊन माणसं खुशाल पलीकडे जातात, तुमच्याकडे ढुंकूनही न बघता. म्हणजे तुमचा हुकूम चालतो तो फक्त चारचाकीवर.

तरी आपली बदली गल्लीच्या तोंडाशी करून घ्यावी. तिथे चहाची टपरी आहे, सोबतही मिळेल.

आपला,
रिव्हर्समध्ये निघालेला एक भाडेकरू

ता. क. मागून मार्केट यार्डाचा रस्ता चुकलेला नगरचा कांद्याचा ट्रक आत शिरलाय. त्याला तुम्ही सांगता की मी सांगू?