बिनसातबाऱ्याचा मालक

सातारा जिल्ह्याची गंमत अशी की एकाच कलेक्टरच्या हद्दीत महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आमच्या फलटणला पाचशेच्या आसपास, तोही त्याच्या मनात आलं तर. ढग घाटावर रिकामे होतात आणि आमच्याकडे फक्त वारा येतो. अशा गावात बंगल्यापुढे लॉन लावणं ही हौस नव्हे, हट्ट आहे. आमच्या घरात हट्ट करण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हे विवाहित वाचकांना सांगायला नको. तिच्या बहिणीच्या पुण्यातल्या सोसायटीत लॉन आहे, एवढं कारण पुरेसं होतं.

नर्सरीवाल्यानं ‘सिलेक्शन नंबर वन’ नावाचं गवत आणलं. गवताला स्पर्धा परीक्षेत निवड झाल्यासारखं नाव असतं हे मला तेव्हा कळलं. खाली त्यानं शेणखत आणि कारखान्याची प्रेसमड पसरली. नीरा उजव्या कालव्यानं तालुक्यात ऊस आणला, उसानं साखर कारखाने आणले, कारखान्यांनी प्रेसमड आणली आणि प्रेसमडनं आमच्या दारात जे आणलं, त्याची ही कथा.

ज्येष्ठ सरला. माउलींची पालखी विमानतळावरचा मुक्काम हलवून बरडकडे गेली. मागे दोन-चार सरी बऱ्या झाल्या आणि एका सकाळी लॉनवर पांढऱ्या छत्र्या उभ्या राहिल्या. फलटणमध्ये माणसं छत्री विकत घेतात ती उन्हासाठी, इथे मात्र पावसाळी छत्र्या फुकटात उगवल्या होत्या.

“कुत्र्याची छत्री हाय ती,” माळी म्हणाला. “उपटून टाकतो, काय न्हाय त्यात.” त्यानं उपटल्या. दोन दिवसांनी तितक्याच आल्या, वर थोड्या जास्त. पुन्हा उपटल्या, पुन्हा आल्या. चौथ्या खेपेला माळी म्हणाला, “सायेब, ह्या कुणीतरी लावून जातंय.” त्यानं तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पुढच्या खेपेला छत्र्या वेड्यावाकड्या न येता चक्क गोल रिंगणात आल्या. मग लिंबू, अमावस्या आणि शेजारच्या बंगल्यातल्यांची नजर इथपर्यंत चर्चा गेली. युरोपात असं रिंगण दिसलं की रात्री पऱ्या नाचून गेल्या असं म्हणत. आमच्याकडे पऱ्या नाहीत, शेजारी आहेत.

मी कृषी सेवा केंद्रात गेलो. फलटण तालुका बुरशीशी बारमाही लढाईत असतो. डाळिंबाचा मर, द्राक्षाची भुरी, उसाचा तांबेरा, सगळ्या तिच्याच करामती. दुकानाची एक भिंत बुरशीनाशकांनी भरलेली होती. मालकांनी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण सुचवलं. या औषधाचा जन्मही मजेशीर आहे. फ्रान्सच्या बोर्डो भागात रस्त्याकडेची द्राक्षं लोक तोडून खात, म्हणून बागाईतदार वेलींवर मोरचूद-चुन्याचा निळा सडा मारत. माल विषारी दिसला की चोर हात लावत नाही. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की याच वेली डाऊनी नावाच्या रोगातून वाचल्या आहेत. 1885 साली त्यांनी ते छापलं आणि चोरांसाठी केलेली युक्ती जगभरच्या बागांत गेली.

पैसे देता देता माझं लक्ष समोरच्या भिंतीकडे गेलं. तिथे ट्रायकोडर्मा, मायकोरायझा, हुमणीला मारणारी मेटारायझियम असा सगळा माल पुड्यांत आणि बाटल्यांत मांडलेला.

“ही कशाची औषधं?”

“ती बुरशी आहे,” मालक शांतपणे म्हणाले.

एका भिंतीवर बुरशी मारायचं औषध, दुसरीवर विकत घ्यायची बुरशी, आणि मध्ये काउंटर. त्या माणसाला मंदी कधीच येणार नाही.

बोर्डोनं छत्र्या निळ्या झाल्या. बाकी काही झालं नाही.

अखेर आमच्या गल्लीतले गुरुजी आले. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, पण निवृत्ती फक्त पगाराला लागू झालेली. ते म्हणाले, “अहो, छत्री हे नुसतं फळ. डाळिंब तोडलं म्हणून झाड मरतं का? झाड खाली आहे.”

“कुठे?” सौ. म्हणाली. “दाखवा.”

गुरुजींनी खुरप्यानं गवताखालची ढेकळं उकरली. मातीत पांढरे, कापसाहून बारीक धागे पसरलेले होते. तोच खरा प्राणी, किंवा वनस्पती, किंवा दोन्ही नव्हे. मेलेली मुळं, शेणखत, गाडलेलं लाकूड जे मिळेल ते खात तो वर्षानुवर्षं जमिनीत राहतो. ओल आणि ऊब जुळली की आधी टाचणीच्या डोक्याएवढ्या गाठी धरतो. त्या गाठी पाणी पिऊन फुगतात, म्हणून छत्री रात्रीत उगवल्यासारखी वाटते. खरी तयारी आधीच झालेली असते. आमच्या प्लॉटवर पूर्वी एक मोठी बाभूळ होती, तिचा बुंधा ठेकेदारानं तिथेच पुरला होता, हेही गुरुजींना ठाऊक. गल्लीत गुपित ठेवावं ते बुरशीनंच.

रिंगणाचाही उलगडा झाला. धागे मधून बाहेर सर्व दिशांना सरकतात. मधलं अन्न संपतं, कडेला ताजं मिळतं, म्हणून छत्र्या कडेला येतात. दरवर्षी रिंगण थोडं पुढे जातं. बांध कोरणारा भाऊबंद नांगरताना दर साली एक तास पलीकडे काढतो, तसंच. फरक इतकाच की या भाऊबंदावर मोजणी आणता येत नाही, आणि तलाठ्याकडे गेलात तर सातबाऱ्यावर त्याचं नाव सापडत नाही. वर आणखी एक अपमान असा की सडलेल्या अन्नातला नत्र तो कडेला मोकळा करतो. आमच्या अख्ख्या लॉनवर गडद हिरवं गवत कुठे असेल, तर ते त्या रिंगणावर. सौभाग्यवतींनी बहिणीला फोटो पाठवला तो तेवढ्याच तुकड्याचा.

अमेरिकेत ओरेगॉनच्या जंगलात या जमातीतला एक महाभाग सुमारे 2,385 एकरांवर पसरलेला सापडला आहे. तो सगळा एकच जीव, वय निदान दोन-अडीच हजार वर्षं असावं असा अंदाज. आमच्याकडे 1961च्या कमाल जमीन धारणा कायद्यात बारमाही बागायतीला 18 एकरांची मर्यादा. मोठमोठ्या साखर कारखान्यांच्या जमिनी या कायद्यानं शेती महामंडळाकडे गेल्या. या इसमाला कोण नोटीस बजावणार?

श्रावणात सावंतवाडीची मावशी आली. छत्र्या पाहून तिचे डोळे चमकले. कोकणात अळंब्यांचा हंगाम म्हणजे सणच. आमची घाबरगुंडी उडाली. पण तिनं एक छत्री हलकेच उपटली, देठाचं टोक पाहिलं आणि टाकून दिली. “ही न्हय रे. आमची अळमी वारुळार येतत, तेका लांब मूळ आसता.” तिचं बरोबर होतं. ती अळंबी वाळवीच्या वारुळातून वर येते. वाळवी पाचोळा चावून आत बुरशीची शेती करते, आणि ही शेती तीन कोटी वर्षांच्या आसपास चालू आहे. कर्जमाफी नाही, हमीभाव नाही. तिथून वर येताना देठ मुळासारखा लांबतो. गुरुजींनी दुजोऱ्यासाठी एका छत्रीचं डोकं पांढऱ्या कागदावर रात्रभर पालथं ठेवलं. सकाळी कागदावर हिरवट भुकटीचा ठसा उमटला. वारुळावरच्या अळंबीचा ठसा गुलाबीसर असतो. लॉनवर हिरवा ठसा देणारी ही जात खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. चांदीचं नाणं काळं पडतं का, किडे खातात का, या घरगुती परीक्षा निव्वळ जुगार आहेत, हे मावशी आणि गुरुजी दोघांनीही एकमुखानं सांगितलं. कोकण आणि घाट यांचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहिलं.

ती भुकटी म्हणजे बीजाणू. बुलर नावाच्या शास्त्रज्ञानं एका मोठ्या गोळाछत्रीत सात लाख कोटी बीजाणू असतात असा हिशेब मांडला होता. सगळे उगवते तर पृथ्वीवर आपल्याला उभं राहायला जागा नसती. पण बहुतेकांना अन्न-ओल मिळत नाही, आणि पुष्कळ जातींत छत्री धरायला दोन अनुरूप धागे भेटावे लागतात. तरी स्थळांची टंचाई त्यांना नाही. वाळक्या लाकडावर येणाऱ्या एका जातीत तेवीस हजारांहून अधिक ‘लिंगं’ आहेत, त्यामुळे समोर येणारं जवळपास प्रत्येक स्थळ चालतं. आमच्या भाच्याचं छत्तीस गुणांत अडलंय.

गुरुजींनी उपाय सांगितला तो फुकट होता, म्हणून कुणाला पटला नाही. संध्याकाळचं पाणी बंद करा, काट्यानं जमिनीला भोकं पाडा, टोपी उघडण्याआधी छत्र्या काढा, आणि बुंधा संपेपर्यंत थांबा.

शेजारच्या तात्यांना मात्र या प्रकरणात धंदा दिसला. त्यांनी धिंगरीचं बियाणं मागवलं, गव्हाचं काड भिजवून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलं आणि मागच्या खोलीत टांगलं. धिंगरीला गारवा आणि ऐंशी टक्क्यांच्या वर दमटपणा लागतो. तात्यांनी कूलर लावला, गोणपाटं ओली केली, नातवांना त्या खोलीत जायची बंदी केली. आमच्या लॉनवर न बोलावता येणारी जमात तात्यांकडे आमंत्रण देऊनही येईना. काही दिवसांनी पिशव्यांवर गर्द हिरवा थर चढला. तात्या पिशवी घेऊन थेट कृषी सेवा केंद्रात गेले, मीही सोबत.

मालकांनी पिशवी उजेडात धरली, चष्मा लावला आणि त्यांचा चेहरा अभिमानानं फुलला.

“तात्या, डाळिंबाला टाकायला मागच्या महिन्यात ट्रायकोडर्मा नेली होती ना? पोतं त्याच खोलीत ठेवलं असणार. बघा, आपला माल किती अस्सल आहे!”