जिन्याखालचा इतिहास : प्रश्नकर्त्यांसाठी सूचना

ज्या सोसायटीत जिन्याखाली फळा आहे, खडू आहे आणि किमान एक निवृत्त गृहस्थ आहेत, तिथे ‘आजचा इतिहास-प्रश्न’ आज ना उद्या सुरू होतोच. तो थोपवण्याचा उपाय नाही. निदान शिस्तीत चालावा, एवढ्याच हेतूने या सूचना. त्या पुण्यातल्या सोसायट्या डोळ्यांसमोर ठेवून केल्या आहेत. इतर गावांनी आपापल्या सौजन्यानुसार बदल करून घ्यावेत.

प्रश्न दूध यायच्या आत लिहून व्हावा. जागा कमी पडली म्हणून टाकी धुण्याची तारीख पुसू नये. पानिपतची तारीख विसरलेला माणूस कोणाच्या दारात जात नाही. टाकीची विसरलेला डोक्याला साबण लावून सचिवांच्या दारात उभा राहतो.

सुरुवात पानिपतनेच करावी. 14 जानेवारी 1761 हे सगळ्यांना येतं, आणि येत असलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्यासारखं सुख नाही. उत्तर देणारा लगेच ‘म्हणजे ऐन संक्रांतीला!’ अशी पुस्ती जोडतो. त्या वेळी गप्प बसावं. पाच-सहा जणांनी माना डोलावू द्याव्यात, गुळाचा भाव निघू द्यावा, कोणाच्या गुळाच्या पोळ्या तव्यावर फुटतात तेही ठरू द्यावं. मग शांतपणे सांगावं, की त्या वर्षी संक्रांत लढाईच्या चार-एक दिवस आधीच होऊन गेली होती. संक्रांत इंग्रजी तारखांच्या हिशेबात साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. पुरावा मागितला तर विवेकानंदांचा जन्म काढावा : 12 जानेवारी 1863, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. यानंतर दोन दिवस तुमच्याशी कोणी बोलणार नाही. प्रश्नकर्त्याचा दबदबा त्याच दोन दिवसांत तयार होतो.

‘पहिला’ विचारताना मात्र जपून. ‘भारतातला पहिला चित्रपट कोणता?’ असं लिहून तुम्ही जिना चढू लागलात, की दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत खाली दोन तट पडलेले असतात. एक फाळक्यांचा : ‘राजा हरिश्चंद्र’, मे 1913. दुसरा तोरण्यांचा : ‘श्री पुंडलिक’, मे 1912. ते तर नाटकाचं नुसतं चित्रीकरण, असं फाळके पक्ष म्हणतो. दोघेही दादासाहेबच असल्यामुळे, नुकत्याच फिरून आलेल्या माणसाला कोण कोणाच्या बाजूने ओरडतंय ते कळत नाही. रेल्वेचं तेच. बोरीबंदर ते ठाणे, 16 एप्रिल 1853, असं कोणी म्हणतंय तोवर चेन्नईला मुलाकडे राहून आलेले काका मद्रासची दगड वाहणारी 1837ची रेल्वे काढतात. म्हणून ‘पहिली प्रवासी रेल्वे’ असं लिहावं. एका विशेषणाने तास वाचतो. तो वाचवायचा आहे का, हे आधी ठरवावं.

शिवराज्याभिषेक 6 जून 1674 चा, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा. ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेतली. आजच्या कॅलेंडरने तो 16 जून येतो. हे ज्ञान खरं आहे, उपयुक्त आहे आणि जिन्याखाली उच्चारू नये.

उत्तरांसाठी खालची अर्धी जागा मोकळी सोडावी लागते. तिथे नुसती उत्तरं येतील या भ्रमात राहू नये. पुरंदरच्या तहात किती किल्ले गेले, असं विचारलं की खाली ‘23’, ‘23च, पण 12 राखले’, ‘लिफ्ट पुन्हा बंद’ आणि ‘पोळ्यांना बाई हवी, संध्याकाळची’ असा क्रम लागतो. यातलं काहीही पुसू नये. चौथ्या मजल्यावरच्या आजींचं उत्तर रोज 1857 असतं. प्रश्न कोणताही असो. तेही राहू द्यावं. दहा वाजेपर्यंत 1857 दिसलं नाही, तर वर जाऊन बेल वाजवावी.

पानशेतचा प्रश्न फक्त रविवारी. धरण 12 जुलै 1961 ला फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, हे दोन ओळींत संपायला हवं. संपत नाही. कारण तिथे उत्तर देणारे नसतात, साक्षीदार असतात. पाणी कुठपर्यंत आलं होतं ते प्रत्येक जण हाताने दाखवतो, आणि ते हात दर वर्षी वर चढतात. यंदा एका आजोबांना जिन्याच्या दोन पायऱ्या चढून दाखवावं लागलं. मग कोणाचं धान्य भिजलं, कोणाचा पाट सापडला, वाड्यातल्या चिखलाला वास कसा येत होता, यावर दुपार होते. यात 1964 साली जन्मलेले एक गृहस्थ सर्वांत तपशीलवार बोलतात. त्यांना सन विचारू नये. त्यांच्या आईने ते इतक्यांदा सांगितलंय, की आता ते त्यांचंच झालंय. शिवाय वाळलेल्या खुणा दाखवणारं दुसरं कोणी उरणार नाही, तेव्हा आपल्याला त्यांच्याकडेच जावं लागेल.

मोबाईलमध्ये बघून उत्तर देणाऱ्यांना बाद करू नये. ते जोड्यांनिशी पकडले जातात, कारण जिन्याखाली रेंज नसते आणि त्यांना फाटकापर्यंत जाऊन यावं लागतं. शाळकरी मुलांना मात्र आठवड्यातून एकदाच संधी द्यावी. त्यांची उत्तरं बरोबर येतात आणि त्यामुळे चर्चा संपते.

बक्षीस ठेवू नये. ठेवलंच तर त्याची नोंद वार्षिक सभेत निघते. खडू आपापला आणावा. सोसायटी देत नाही.