चर्चगेट फास्ट

(बोरिवली पश्चिम. सोसायटीच्या गेटाजवळचा बाक. सेक्रेटरी कालच मुलीकडून, बंगळुरूहून परतलेत. तिसऱ्या मजल्यावरचा चित्रकार रिक्षातून चार फुटी कॅनव्हास उतरवतोय. कॅनव्हास नीट बसला की चित्रकाराला जागा उरत नाही, हा उपनगरातल्या कलेचा मूळ प्रश्न.)

सेक्रेटरी : काय रे, परत आणलंस? खपलं नाही वाटतं.

चित्रकार : अजून लागलंच कुठे, काका? फ्रेम करून आणलंय. जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख मिळायला वर्षं लागतात.

सेक्रेटरी : मी मात्र जाताना भरपूर कला बघितली बाबा. अंधेरीत, विमानतळावर, टी-टूला.

चित्रकार : ‘जय हे’! राजीव सेठींनी मांडलेलं. 2014 पासून आहे, तीनेक किलोमीटर नुसती कलाच कला. कसं आहे हो?

सेक्रेटरी : मला काय विचारतोस? तू बघितलं असशीलच.

चित्रकार : बोर्डिंग पास लागतो, काका. आधी नागपूरचं तरी तिकीट काढायचं, मग कला.

सेक्रेटरी : म्हणजे चित्रकार बाहेर आणि मी आत?

चित्रकार : आणि तेही पळत.

सेक्रेटरी : पळतोय कशाला? सरकत्या पट्ट्यावर उभा होतो. एका ठिकाणी मात्र पाय अडला. जुनी कोरीव दारं-खिडक्या लावल्यात. अरे, गावचा वाडा पाडला तेव्हा असलंच दार टेम्पोत घालून ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारात आणलं होतं. टेम्पोचं भाडंही सुटलं नाही. म्हटलं, आपलंच तर नाही? आमच्या दाराला कडीखाली बोटभर झीज होती. चार पिढ्यांनी तिथेच हात लावून ढकललेलं.

चित्रकार : मग? होती झीज?

सेक्रेटरी : होती की! पण थोडी डावीकडे. वाकून बघतोय तर गार्ड आला, माझ्या नावाने लास्ट कॉल झाला, आणि लांबून तुझ्या काकूचे हातवारे.

चित्रकार : एका कलाकृतीसमोर इतका वेळ वाकलेला माणूस मला आठवड्यात एक मिळाला तरी पुरे.

सेक्रेटरी : कलाकृती कसली? मी दार बघत होतो!

चित्रकार : बरं, माझं प्रदर्शन लागलं की या जहांगीरला. फुकट असतं.

सेक्रेटरी : फुकट असून गर्दी नाही? मग नक्की काहीतरी गडबड आहे. फोर्टात नोकरीला होतो तेव्हा यायचो मी. तिथल्या ‘समोवार’मध्ये चहा प्यायला.

चित्रकार : ते 2015 मध्येच बंद झालं.

सेक्रेटरी : अरेरे! मग आता लोक कशाला येतात?

चित्रकार : चित्रं बघायला.

सेक्रेटरी : काय सांगतोस! पण इतक्या लांब कशाला? बोरिवलीत नाटकाला प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहे. चित्रांना काय आहे?

चित्रकार : चित्रांना चर्चगेट फास्ट. 34 किलोमीटर, तेही मालडब्यातून.

सेक्रेटरी : छे छे, हे काही बरोबर नाही. कला कशी लोकांच्या वाटेत पाहिजे. आता आपली लॉबी बघ. सकाळ-संध्याकाळ सगळी बिल्डिंग लिफ्टसाठी ताटकळते, समोर काय, तर पाणीकपातीची नोटीस.

चित्रकार : काका, मनातलं बोललात! आत्ता लावतो. हातोडी आणू?

सेक्रेटरी : हातोडी? थांब, थांब. दिवाळीत रंग काढलाय भिंतींना. खिळा ठोकायचा तर कमिटीची परवानगी लागते.

चित्रकार : कमिटी म्हणजे तुम्हीच ना?

सेक्रेटरी : म्हणून तर सांगतोय, मिळणार नाही.