दोनदा पिवळा, तीनदा पांढरा

कचेरीत लॅपटॉप बंद पडला की पाच मिनिटांत त्याच्याभोवती एक समिती बसते. अकाउंट्समधले काका बॅटरी गेली म्हणतात, सेल्समधल्या तरुणाला व्हायरसचा संशय येतो आणि ॲडमिनच्या बाई चार्जर काढून पुन्हा लावायला सांगतात. निदान तिथंच राहतं, कारण तक्रार करायची तर तिकीट टाकावं लागतं आणि तिकिटाचं पोर्टल फक्त कंपनीच्या लॅपटॉपवर उघडतं. मग शेजाऱ्याच्या लॅपटॉपवरून तिकीट जातं. दुपारी हेल्पडेस्कचा माणूस येतो आणि त्या शेजाऱ्याचा धडधाकट लॅपटॉप उचलून घेऊन जातो.

या गदारोळात कामाचं बोलत असतो तो एकटा लॅपटॉप. बटण दाबल्याबरोबर, विंडोज जागी व्हायच्या आधीच, तो प्रोसेसर, रॅम, स्क्रीन अशी स्वतःची तपासणी करून घेतो. बिघाड सांगायला स्क्रीन चालू असेलच असं नाही, म्हणून कंपन्यांनी दिव्यांची सोय केली. डेलच्या लॅटिट्यूडवर बॅटरीचा दिवा दोनदा पिवळा आणि तीनदा पांढरा लुकलुकला तर रॅम सापडत नाही. दोनदा पिवळा, सातदा पांढरा म्हणजे स्क्रीन गेली. लेनोवोच्या थिंकपॅडची नवी मॉडेलं तर चक्क सूर काढतात आणि कंपनीचं मोबाइल ॲप तो सूर ऐकून काय बिघडलंय ते सांगतं. वैद्याला नाडी तरी चाचपावी लागते. इथं रोगी स्वतःच ठोके मोजून देतो. तरीही हेल्पडेस्कने फोनवर "काही एरर येतोय का?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "नाही हो, लाइट लुकलुकतोय नुसता."

तीनदा पिवळा आणि एकदा पांढरा, ही खूण आतल्या नाण्याएवढ्या सेलची. त्याच्यावर लॅपटॉपचं घड्याळ चालतं. तो संपला की लॅपटॉप काही वर्षं मागे जातो आणि सुरक्षित वेबसाइटी त्याला दारात उभं करत नाहीत, कारण त्याच्या हिशेबी त्यांची प्रमाणपत्रं अजून जारीच झालेली नसतात. तिकिटावर मात्र मजकूर असतो, 'नेट बंद आहे.' मग एक माणूस राउटर बदलून जातो, दुसरा केबल. कोपऱ्यातली तारीख वाचायचं काम कोणाच्याच जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नसतं.

हेल्पडेस्कचा मंत्र एकच, रिस्टार्ट करा. त्यावर दुखावलेला सूर येतो, "अहो, काल रात्रीच बंद केला होता." गंमत म्हणजे इथं दोघंही खरं बोलत असतात. 2012 साली विंडोज 8 बरोबर 'फास्ट स्टार्टअप' आलं. तेव्हापासून शट डाउन केलं की उघडी ॲप्स बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर आहे त्या अवस्थेत डिस्कवर साठवून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात. कालचा अडकलेला ड्रायव्हर आज ताजातवाना होऊन अडकतो. रिस्टार्ट मात्र सगळं पहिल्यापासून सुरू करतं. थोडक्यात, बंद केलेला लॅपटॉप पुरता बंद नसतो. पुरता बंद व्हायला त्याला पुन्हा सुरू करावं लागतं. ज्या कोणी हे ठरवलं त्याला आपल्याकडे शासन निर्णयांचा मसुदा लिहायला सहज नोकरी मिळाली असती. पुरावा हवा असेल तर टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर अपटाइम पाहावा. रोज संध्याकाळी न चुकता शट डाउन करणाऱ्या शिस्तप्रिय साहेबांचा लॅपटॉप तिथं तीन-तीन आठवडे अखंड सेवेत असलेला दिसतो.

दुसरा तोडगा अंधश्रद्धेसारखा वाटतो, पण आहे शास्त्रशुद्ध. चार्जर काढायचा, बॅटरी निघत असेल तर तीही काढायची आणि पॉवरचं बटण 30 सेकंद दाबून धरायचं. बोर्डवर उरलेला विजेचा अंश निचरतो आणि पॉवर सांभाळणारा छोटा कंट्रोलर भानावर येतो. हल्ली बॅटरी आत बंदिस्त असते, म्हणून बऱ्याच थिंकपॅडच्या पोटाशी एक बारीक भोक ठेवलेलं असतं. त्यात सरळ केलेली यू-पिन घालून आतलं बटण दाबायचं. यू-पिन स्टोअरमधून मागवावी लागते आणि मागणीचा फॉर्म पोर्टलवर असतो.

त्यापुढची पायरी खोडरबराची. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तापकीर गल्ली, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या शाळकरी खोडरबराने घासायच्या आणि परत बसवायची, हा इलाज कुठल्याही कारागिराला तोंडपाठ. पावसाळ्यातल्या दमट हवेत पट्ट्यांवर थर धरतो, तो पुसला की स्क्रीन उजळते. उत्पादकांना ही पाच रुपयांची दुरुस्ती फारशी रुचलेली दिसत नाही. थिंकपॅड एक्स1 कार्बनसारख्या सडपातळ मॉडेलांत रॅम मदरबोर्डलाच डाखून येते. ती बिघडली तर बदलायचा अख्खा बोर्ड, आणि खोडरबर पुन्हा शाळेत.

काही बिघाड आपण हौसेने विकत घेतो. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून मधे कन्व्हर्टर येतो आणि अर्थिंग जातं. मग धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात आणि त्याचं तिकीट 'लॅपटॉप शॉक मारतो' असं पडतं. गोल पिनच्या डेल चार्जरमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. चार्जर कोणता, किती वॉटचा, हे ती लॅपटॉपला कळवते. स्वस्तातल्या चार्जरची ओळख पटली नाही तर लॅपटॉप रांगत चालतो, पण बॅटरी भरून घेत नाही. कॅमेऱ्याच्या तक्रारी तर तिकीट टाकण्याआधीच निकाली निघाव्यात. त्याच्यावर एक सरकतं झाकण असतं, आणि मीटिंगमध्ये 'माझा व्हिडिओ काळा दिसतोय' म्हणणाऱ्याने ते बहुधा स्वतःच लावलेलं असतं.

एकट्यादुकट्याच्या या दुःखाला सार्वजनिक रूप आलं 19 जुलै 2024 रोजी. वार शुक्रवार, भारतीय वेळ सकाळी 9:39. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष फाइल पाठवली. ती 78 मिनिटांत मागे घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली होती. विमानतळांवर इंडिगोचे बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. जगातली मोठमोठी डोकी कामाला लागली आणि पहिला उपाय निघाला रिस्टार्टचा. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या काही ग्राहकांना तो 15 वेळा करावा लागला.

ज्यांचं तेवढ्याने भागलं नाही, त्यांना सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल हाताने काढायची होती. वाटेत डिस्कला कुलूप घालणारा बिटलॉकर आडवा आला आणि त्याने 48 आकडी रिकव्हरी की मागितली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट आणि प्रत्येक गटाला 11 ने नि:शेष भाग जायला हवा, म्हणजे चुकलेला आकडा बहुतेक वेळा जागच्या जागी पकडला जातो. फोनवर एकाने "एकोणसत्तर" म्हणावं, दुसऱ्याने एकोणऐंशी लिहावं आणि लॅपटॉपने नकार द्यावा. ही की मेलवर सुरक्षित ठेवणारे दूरदर्शी लोकही होते. मेल उघडायची त्याच लॅपटॉपवर.

मायक्रोसॉफ्टने 2025 मध्ये या अपघाताच्या पडद्याचा रंग बदलला. निळा गेला, काळा आला आणि विंडोज 8 पासूनचा तो रडका चेहराही काढून टाकला. त्यामुळे हेल्पडेस्कला आता "काळी स्क्रीन आलीय का?" असं विचारावं लागतं. चार्जरचं बटण चालू करायचं राहिलेला माणूसही छातीठोकपणे "हो" म्हणतो.