ते उत्तम पोहतातही

मराठीत स्वतःबद्दल चार ओळी लिहायच्या म्हटलं की माणूस आधी स्वतःला 'ते' म्हणायला लागतो. 'मी' म्हटलं तर आत्मप्रौढी, 'ते' म्हटलं की साहित्यसेवा. मजकूर स्वतः रचायचा, व्हॉट्सॲपवर स्वतः पाठवायचा, खाली 'हवं तसं कमीजास्त करा' असं लिहायचं आणि कुणी खरंच कमी केलं तर महिनाभर त्याचा फोन उचलायचा नाही.

पहिलं पुस्तक असो, नवं पाक्षिक असो की दिवाळी अंकातली कविता, परिचय लागतोच. तो त्रोटक मागवतात आणि दोन पानांचा येतो. सुरुवात जन्मापासून. जन्म छोट्याशा खेड्यात. खेडं निसर्गरम्य, परिस्थिती हलाखीची, आई कष्टाळू. नंतर 'लहानपणापासूनच वाचनाची आवड'. ही आवड सगळ्यांना लहानपणीच कशी लागते, कुणास ठाऊक. चाळिशीत, सरकारी कचेरीत, दुपारी तीन वाजता कंटाळून पुस्तक उघडलं आणि मग सुटलंच नाही, असा एक तरी परिचय वाचायला मिळावा. त्या माणसाचं पुस्तक मी विकत घेईन.

पुढे वाङ्मयप्रकारांची पाळी येते. कथा, कविता, ललित, बालसाहित्य, एकांकिका, प्रवासवर्णन हे सगळे 'लीलया हाताळलेले' असतात. हाताळल्यानंतर त्यांचं काय झालं, ते कुणी सांगत नाही. मग पुरस्कार. एकही पुरस्कार गल्लीतला नसतो, सगळे राज्यस्तरीय. राज्य महाराष्ट्र हे कळतं. स्तर मात्र नगर वाचनालयाच्या तळमजल्याचा असतो आणि प्रवेशिकेसोबत शुल्क भरलेलं असतं. पुढे 'विविध संस्थांवर विविध पदे', म्हणजे सोसायटीचं सेक्रेटरीपदही धरून. शेवटी छंद : वाचन, भटकंती, जुनी गाणी ऐकणे, पोहणे. माझ्या माहितीतल्या एका गझलकाराच्या परिचयाचं शेवटचं वाक्य 'ते उत्तम पोहतातही' असं होतं. गझलांपेक्षा तेच लक्षात राहिलं.

हल्ली यंत्राकडून परिचय लिहून घ्यायची सोय झाली आहे. त्यामुळे शुद्धलेखन सुधारलं आणि माणसं प्रवासाला लागली. जो तो 'शब्दांच्या प्रवासात' तरी आहे, नाहीतर 'स्वतःच्या शोधाच्या प्रवासात'. एवढा महाराष्ट्र प्रवासात असूनही स्वारगेटला एसटीत खिडकी मिळते, हे नवलच.

या सगळ्यात वाचकाचा प्रश्न एवढाच असतो की इथे मला काय वाचायला मिळणार आणि ते तुमच्याकडूनच का वाचायचं. याचं उत्तर सोडून बाकी सगळं त्या दोन पानांत असतं. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात उभा जन्म काढलेले एक साहेब निवृत्तीनंतर लिहायला लागले. परिचयात नोकरीला दोनच शब्द : 'निवृत्त अधिकारी'. उरलेल्या पानभर 'हळवं मन', 'भावविश्वाचे तरल पदर' आणि 'मौनाशी संवाद'. अहो साहेब, मौन आमच्याही घरी आहे. तुम्ही सांगा, टेंडर कसं निघतं, मेजरमेंट बुकात डांबराची जाडी कशी वाढते आणि पहिल्या पावसात ती रस्त्यावरून कुठे जाते. हे ज्याला आतून ठाऊक आहे, असा माणूस गावात लाखात एक. पण तेच नेमकं लपवायचं आणि जे सगळ्यांकडे आहे ते मिरवायचं, ही आपली परिचयकला. (पेन्शनची भीती असेल तर तसं लिहावं. तेही वाचनीय होईल.)

आपल्या भाषेत हे पहिल्यापासून असंच चालत आलंय म्हणावं, तर तसंही नाही. ज्ञानेश्वरी उघडा. सुमारे 9 हजार ओव्या झाल्यावर, अगदी शेवटी, एका ओवीत माहिती येते : शके 1212, टीका ज्ञानेश्वराने केली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. आधीच्या ओव्यांत गोदावरीकाठचा मुलूख आणि राज्य करणारा रामचंद्र यादव येऊन गेलेले. श्रेय गुरुपरंपरेला. परंपरा ज्ञानेश्वरांचं तेव्हाचं वय पंधरा-सोळा सांगते. ओवीत त्याचा पत्ता नाही. आज परिचयाची पहिलीच ओळ 'वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी' अशी झाली असती आणि शेजारी हनुवटीखाली हात घेतलेला फोटो असता. आणखी एक बारीक गोष्ट. तिथे लिहून घेणाऱ्याचं नाव मूळ ओवीतच आहे. आजच्या पुस्तकात अक्षरजुळणी करणाऱ्याचं नाव भिंगातून शोधावं लागतं.

तुकोबांनी तर चक्क आत्मपरिचयाचा अभंग लिहून ठेवलाय. हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून सांगतो, अशी सुरुवातीलाच कबुली. जात सांगितली, धंदा सांगितला. दुष्काळाने पैसा आणि मान दोन्ही नेले, बायको अन्न अन्न करत गेली, व्यवसाय तोट्यात आला आणि आपल्यालाच लाज वाटली, हे सगळं रोखठोक. आजच्या भाषेत याचं 'काही काळ यशस्वी उद्योजक म्हणून कार्यरत' झालं असतं. दुष्काळ गाळला असता, कारण तो मलपृष्ठाच्या रंगसंगतीत बसत नाही. दुसऱ्या कुणाच्या नावावर तो अभंग टाकून पाहा, बसणार नाही. बसणार नाही, म्हणूनच तो परिचय.

तुम्ही म्हणाल, संतांचं सोडा, नवं काही सुरू करणाऱ्याने काय करावं? तर 31 जानेवारी 1920 चा 'मूकनायक' पाहावा. शिरोभागी तुकोबांचाच अभंग होता. पत्र काढणारे बाबासाहेब आंबेडकर तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक. संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं. पहिल्या अंकातल्या 'मनोगता'ने वाचकाला विषय सरळ सांगितला. हिंदू समाज म्हणजे जणू एक मनोरा, एकेक जात म्हणजे त्याचा एकेक मजला, आणि मजल्यांमध्ये शिडी नाही. ज्या मजल्यावर जन्मायचं त्यावरच मरायचं. बाकीची पत्रं आपापल्या जातींचं हित पाहतात, मग बहिष्कृतांचं कोण पाहणार, म्हणून हे पत्र. पत्र कुणासाठी, कशासाठी आणि आत्ताच का, हे वाचकाला पहिल्याच अंकात कळलं. पोहण्याचा उल्लेख नाही.

त्याआधी 1881 साली 'केसरी'ने रस्त्यावरचे दिवे आणि पोलिसांची गस्त यांचा जो उपयोग, तोच वर्तमानपत्राच्या लेखणीचा, अशी ओळख करून दिली होती. ती वाचून सरकारलाही कळलं असणार की आपल्यावर उजेड पडणार आहे. आजचं नवं नियतकालिक स्वतःची ओळख 'समाजातील सर्व घटकांना सामावून घेणारं दर्जेदार व्यासपीठ' अशी करून देतं. यातून कुणालाच काही कळत नाही आणि कुणी घाबरतही नाही.

तेव्हा नवं काही काढणाऱ्यांनो, आधी त्या 'ते'ला रजा द्या आणि 'मी' म्हणा. एवढ्याने कुणी गर्विष्ठ होत नाही. गर्व असेल तर तो 'ते'मधूनही दिसतोच. काय लिहिणार ते सांगा, काय लिहिणार नाही तेही सांगा. किती दिवसांनी लिहिणार याचं वचन मात्र जपून द्या; आपल्याकडची कितीतरी साप्ताहिकं तिसऱ्या महिन्यात 'नैमित्तिक' झालेली आहेत. मग स्वतःच्या नावावर बोट ठेवून परिचय वाचा. जे वाक्य शेजारच्या कुलकर्ण्यांनाही लागू पडेल, ते खोडा. बहुतेकांचा परिचय इथेच एका ओळीवर येतो आणि ती ओळ सहसा चांगली असते. फोटो गेल्या वर्षीचा द्या. सत्काराला बोलावलं तर लोकांनी ओळखायला नको का?

बांधकाम विभागातल्या त्या साहेबांना कुणी ओळखत असेल, तर त्यांना सांगा की मेजरमेंट बुकावर लिहायला घेतलंत तर मी वर्षाची वर्गणी आगाऊ भरायला तयार आहे.