संकल्प सोडण्याची सोपी पद्धत

मराठी भाषा फार सोयीची आहे. गुरुजी पूजेला बसवतात, उजव्या हातावर पळीभर पाणी घालतात आणि ते ताम्हनात सोडलं की संकल्प ‘सोडला’ म्हणतात. घेणं आणि टाकणं, दोन्ही कामं एकाच क्रियापदात उरकली. त्यात एखाद्या गोष्टीवर ‘पाणी सोडणं’ म्हणजे काय, तेही आपल्याला ठाऊक आहेच. तरीसुद्धा २ जानेवारीला संकल्प मोडला म्हणून तुम्ही खंतावत असाल, तर तुमचं व्याकरण कच्चं आहे. नव्या वर्षात नवा माणूस व्हायचं असेल, तर पुढच्या पायऱ्या क्रमाने चढा. दम लागला तर थांबा. नाहीतरी थांबायचंच आहे.

१. आधी पोटभर खा. चातुर्मासात कांदा बंद, म्हणून आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करायची. भजी, थालीपीठ, झुणका, सगळीकडे कांदाच कांदा. ३१ डिसेंबर ही तुमची कांदेनवमी समजा. जुन्या लोकांचा कांदा दोन दिवसांनी एकादशीला खरोखर बंद व्हायचा. त्या तपशिलात तुम्ही शिरू नका.

२. संकल्प भव्य घ्या. ‘जेवल्यावर स्वतःचं ताट उचलीन’ असला संकल्प चुकूनही नको. तो पाळला जाण्याचा धोका असतो, शिवाय घरच्यांना सवय लागते. ‘यंदा मी स्वतःला शोधणार’ हा उत्तम. नाही सापडलात तरी कोणी पोलिसात तक्रार देत नाही.

३. खरेदी करा. बूट, पाण्याची बाटली, पावलं मोजणारं घड्याळ. पैसे गेले की निम्मा बदल झाल्यासारखा वाटतो. उरलेला निम्मा बुटांबरोबर खोक्यात राहतो. पुण्यात असाल तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढणार असल्याचं जाहीर करा. पहाटे जाग आली नाही, तर घड्याळ घरात सकाळी डबे भरणाऱ्या व्यक्तीच्या मनगटावर बांधा. दहा वाजेपर्यंत तुमची पावलं पूर्ण.

४. सगळ्यांना सांगा. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, मावसभावंडांचा ग्रुप, एकही सोडू नका. कौतुक आगाऊ मिळालं की काम करण्याची निकड उरत नाही. या बाबतीत आमच्या आजीचा आदर्श मुळीच ठेवू नका. आषाढी एकादशीला ती वांगं सोडायची, ते थेट चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच खायची. कुणाला सांगणं नाही, काही नाही. पंगतीत वांग्याची भाजी आली की ताटावर नुसता हात आडवा. एक भाजी, एक हात, आणि नेम दरवर्षी पुरा. यात कसला आलाय आत्मविकास?

५. आत्मपरीक्षण करा. घाबरू नका, पेपर काढणारे, फोडणारे आणि तपासणारे तुम्हीच आहात. डोळे मिटून विचारा, ‘माझं काय चुकतं?’ ‘मी फार भोळा आहे, लोक फायदा घेतात’ असं उत्तर आलं की लगेच डोळे उघडा. जास्त वेळ बसलात, तर धाकट्या भावाला दोन वर्षं फोन केलेला नाही, असलं काहीतरी वर येतं. समर्थ रामदासांना मनाची समजूत घालायला २०५ श्लोक लागले. तुमचं मन त्या मानाने गुणी आहे. चहा आला की ऐकतं.

६. संक्रांतीपर्यंत तग धरा. साखर सोडली असेल, तर तिळगुळापाशी सन्मानाने हार माना. गोड बोलायचं आणि गोड खायचं नाही, असा दुहेरी भार कुणालाही झेपत नाही. निराश होऊ नका. पुढे गुढीपाडवा आहे, मग १ एप्रिलचं आर्थिक वर्ष, मग दिवाळीचा पाडवा, शिवाय तुमचा वाढदिवस. इतकी नवी वर्षं हाताशी असताना एकाच्या मागे लागणं हा हावरटपणा झाला.

७. रोजनिशी लिहा. फुकट मिळालेली डायरी चालेल. नमुन्यादाखल माझी गेल्या वर्षीची उघडतो. १ जानेवारी: दोन पानं भरून मजकूर, ‘अहंकार’ हा शब्द चारदा, दोनदा अधोरेखित. २ जानेवारी: ‘आज वेळ झाला नाही, पण जाणीव आहे.’ ३ जानेवारी: चहाच्या कपाचा गोल डाग. ४ जानेवारीपासून बायकोचं अक्षर. ‘दूध दीड लिटर. इस्त्री ११ कपडे.’ ‘दूध १ लिटर. दूधवाल्याला सुटे द्यायचे राहिले.’ पुढे ३१ डिसेंबरपर्यंत एकही पान कोरं नाही. आम्ही गावाला गेलो त्या चार दिवसांवरसुद्धा ‘खाडा’ असं नीट लिहिलेलं आहे.

परवा यंदाची डायरी घरी आणली. मी पेनाचं टोपण काढत होतो, तेवढ्यात ती पट्टी घेऊन आली.

“तुम्हाला तीन पानं पुरतात ना?” तिने विचारलं. “मग मी चार तारखेपासून रेघा मारून ठेवते.”